यार्डातली सरळ वाट

“पूल नगं,” सोजरआक्का म्हणाली आणि माईक माझ्या हातात परत देऊन खाली बसली.

आमच्या कौठडी जंक्शनात माईक हातात आलेला माणूस इतक्या लवकर खाली बसल्याचं मी तरी पाहिलेलं नव्हतं. मंडप माझा, माईक माझा, त्यामुळे लांबलेल्या भाषणांचा जेवढा त्रास मला झालाय तेवढा गावात कुणालाच झाला नसेल. त्या दिवशी तर प्रत्येकाला जुन्या यार्डाच्या जागेत काहीतरी हवं होतं. एकाला कुस्तीचं मैदान, एकाला मंगल कार्यालय, एकाला कारंजं. नळाला पाणी नाही आणि याला कारंजं! मी एकेकाचा सदरा मागून ओढून त्यांना थांबवत होतो. आणि ही बाई दोन शब्द बोलून मोकळी.

व्यासपीठावर पुण्याहून आलेल्या बेलसरे मॅडम होत्या. यार्डाचा आराखडा तयार करण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तिशीच्या आतबाहेरची बाई, पायात कॅनव्हासचे बूट, आणि समोरचा माणूस बोलायला लागला की त्याच्याकडे बघत राहायची सवय. त्या खाली उतरून आक्कापाशी आल्या.

“पूल का नको, आजी?”

“आजी कुनाची? मला समदी आक्का म्हनत्यात.”

मंडप हसला. मॅडमही हसल्या. “बरं, आक्का. पूल का नको?”

“नगं म्हंजे नगं. आमाला सरळ वाट द्या. हाय तशी.”

तिच्या मागे गँगचाळीतल्या बायका बसल्या होत्या. सगळ्यांनी एकदम माना डोलावल्या. का नको, ते मात्र एकीनेही सांगितलं नाही.

बाहेरच्या माणसासाठी थोडं सांगायला हवं. कौठडीला पूर्वी छोटी गाडी यायची, अरुंद रुळांवरची. मग मोठी लाइन झाली, ती गँगचाळीच्या पाठीमागून गेली, आणि चाळ आणि गाव यांच्या मधलं जुनं यार्ड ओस पडलं. रूळ उचलून नेले. राहिली ती खडी, वेड्या बाभळी आणि चाळीतल्या लोकांनी चालून चालून पाडलेली एक पायवाट. गँगचाळ म्हणजे रुळांची देखभाल करणाऱ्या गँगमन लोकांची वस्ती. त्यांची शाळा, दवाखाना, बाजार, नदी, सगळं यार्डाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला. ती पायवाट म्हणजे चाळीचा उंबराच.

नव्या आराखड्यात यार्डाच्या मधोमध बसस्थानक होतं. त्याला लागून दुकानांचे गाळे, गाळ्यांवर राहायची घरं, आणि टोकाला नवं स्टेशन. “गाडीतून उतरलेल्या माणसाला बस, बाजार आणि घर पायी चालत मिळालं पाहिजे,” असं मॅडम समजावून सांगायच्या. कल्पना चांगलीच होती, मला तर फार आवडली होती. फक्त बसच्या जाण्यायेण्याच्या रस्त्यावर चाळीची पायवाट मधोमध तुटत होती. माणसं बसखाली येऊ नयेत म्हणून तिथे पादचारी पूल दाखवलेला होता. पूल नको असेल त्याने नव्या कुंपणाला वळसा घालून, वेशीबाहेरून लांबच्या लांब जायचं.

“मॅडम, पुलाला लिफ्ट पण देऊन टाका,” नगराध्यक्ष उंबरजे मालक खुर्चीतून म्हणाले. “लिफ्ट म्हटलं की गप्प बसतील.”

“लिपट बी नगं,” आक्का बसल्या जागेवरून म्हणाली. तिला माईक लागत नसे.

आराखडा महिन्याभरात मंजुरीला जाणार होता. एकदा मंजूर झाला की पूल पक्का आणि वाट गेली, हे चाळीतल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं. तरी कारण काही कुणी सांगेना. सभेच्या शेवटी उंबरजे मालक मला म्हणाले, “बशीरभाई, ह्यांना काही नको असतं बघा. ह्यांना फक्त नाही म्हणायचं असतं.” मलाही तेव्हा तसंच वाटत होतं.

दुसरी कुणी असती तर कागदावर ‘पुलाला विरोध, कारण नाही’ असं लिहून पुण्याची गाडी पकडली असती. बेलसरे मॅडम दोन दिवसांनी माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, “तुमचा टेम्पो चाळीकडे जातो का?”

टेम्पोत पुढे बसून त्या माझ्याबरोबर चाळीत आल्या. आक्काची पिठाची गिरणी चाळीच्या तोंडाशीच आहे. नवरा गेल्यावर तिने ती काढली. आक्का म्हणजे अंगाने दणकट बाई, साठी ओलांडलेली, भुवयांवर कायम पीठ. गिरणीच्या धडधडीत बोलून बोलून तिचा आवाज कायमचा वरच्या पट्टीत गेलेला. मॅडमना पाहून तिने गिरणी बंद केली, पोतं झटकलं आणि त्यावर त्यांना बसवलं. तिच्या सुनेने, शालनने, चहा आणला, मग भाकरी आणि शेंगाची चटणी आणली. नको म्हणायची सोय नव्हती.

“आक्का, पायऱ्या चढायला त्रास होतो का? गुडघे?”

“माजं गुडगं? पोती उचलती म्या रोज.”

“मग डोक्यावर ओझं असतं म्हणून?”

“वझं घेऊन आमी रूळ वलांडल्यात, बाई. पायऱ्याचं काय घिऊन बसलाय?”

“लांब पडेल?”

“न्हाई.”

“मग पैसे कमी आहेत, पूल पडेल, असं काही वाटतं?”

“तुमी बांधल्याव कशाला पडंल?” आक्का म्हणाली. शालन जमिनीकडे बघत होती. आक्काने मॅडमच्या हातावर हात ठेवला. “बाई, तुमी गुनाच्या हायसा. इतकी मान्सं आली न् गेली, आमच्या पोत्यावर कुनी बसलं न्हाई. पर चांगलं काम हाय तुमचं. नारळ फोडून सुरू केलंय. त्यात समदंच बोलायचं नसतंय.”

मॅडमनी जास्त ताणलं नाही. “वाट तरी दाखवता?” म्हणाल्या.

मग आम्ही चौघं यार्डातून चाललो. पुढे आक्का, मागे मॅडम, शालन आणि मी. आक्काची बडबड चालूच होती: हितं इंजिन फिरवायचे, हितं कोळसा पडायचा, हितं माझ्या म्हादूनं पहिलं पाऊल टाकलं. म्हादू तिचा मुलगा, शालनचा नवरा. निम्म्या वाटेवर आल्यावर ती एकाएकी थांबली, हात जोडले आणि बोलायची बंद झाली. शालननेही हात जोडले. तिथे खडीशिवाय काही नव्हतं.

“इथे देऊळ होतं का?” मॅडमनी विचारलं.

“न्हाई.”

“मग?”

“चला बाई, ऊन वाढाय लागलं.”

मॅडमनी जवळच्या नकाशावर त्या जागी एक छोटं वर्तुळ काढलं. पुढे काही लिहिलं नाही.

परतताना टेम्पोत मी म्हणालो, “हट्ट आहे मॅडम, दुसरं काय.”

“हट्टालाही कारण असतं बशीरभाई. मला नीट विचारता येत नाहीये.” मग म्हणाल्या, “कागदावरचं कुणाला दिसत नाही. मलासुद्धा नाही. तुम्ही मला पूल बांधून द्याल का?”

“मी? पूल?”

“बांबूचा. पण खऱ्या मापाचा. पायऱ्या, वळण, उंची, सगळं जसंच्या तसं. लोकांना चढून बघू दे.”

आता तुम्हाला सांगतो, तांबोळी मंडपवाल्यांनी कमानी बांधल्या, गणपतीचे राजवाडे बांधले, एका पुढाऱ्यासाठी किल्ला बांधला. पण वळणाचा जिना कुणी मागितला नव्हता. माझी छाती दोन बोटं फुगली. अब्बा असते तर म्हणाले असते, बशीर, आता कुठे तुला कुणी काम सांगितलं.

आठवडाभर माझी माणसं यार्डात राबली. बाभळी तोडल्या, बांबू रोवले, सुंभाने आवळले, वर फळ्या ठोकल्या. अर्धा जिना सरळ वर, मग चौकोनी टप्पा, तिथे उलटं वळून उरलेला जिना, वर पूल आणि पलीकडे तसाच उतार. कठडे इतके मजबूत की हत्ती टेकला तरी हलू नयेत. बाकीच्या यार्डात मॅडमनी दोरी धरून फक्कीच्या रेघा मारल्या, घराचा पाया आखताना मारतो तशाच. बस कुठून येणार, कुठे वळणार, गाळे कुठे, घरं कुठे, सगळं यार्डभर पांढऱ्या रेघांत उमटलं.

“मॅडम, तुम्ही नकाशा काढायला आलात का फड लावायला?” उंबरजे मालकांनी विचारलं. मॅडमनी त्यांच्या हातात दोरीचं टोक दिलं आणि “जरा ताणून धरा” म्हणाल्या. मालकांनी धरलं.

रविवारी सकाळी सगळं गाव यार्डात लोटलं. काय सांगू ती मजा! जो तो रेघांमधून चालत होता. एक बाई चौकोनात उभी राहून नवऱ्यावर ओरडत होती, “हितं चूल मांडली तर तुम्ही कुठं झोपणार?” चहावाल्या गुंडूने तर फक्कीने आखलेल्या एका गाळ्यात स्टोव्ह पेटवून धंदाच सुरू केला आणि ही जागा माझी, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागला. मॅडम हसत होत्या आणि टिपूनही घेत होत्या. घरात चूल लहान पडते. चहा बसच्या जवळ हवा. सभेत भाषणं ठोकणारी हीच माणसं इथे खरं बोलत होती. त्यांना इथवर आणणाऱ्या त्या पोरीचं मला फार कौतुक वाटलं.

आणि पूल! पोरं धावत चढली, म्हातारे कठडा धरून चढले, उंबरजे मालक चढले आणि वरून त्यांनी निवडणुकीत हलवतात तसा हात हलवला. मी खाली उभा राहून शाबासकी गोळा करत होतो.

सगळ्यात शेवटी आक्का चढली. मधल्या टप्प्यावर, जिना वळतो तिथे, ती उभी राहिली. वर बघितलं, खाली बघितलं, दोन्ही हात पसरून टप्प्याची रुंदी पाहिली आणि तशीच माघारी उतरली.

“कसा झालाय, आक्का?” मी विचारलं.

“झ्याक झालाय. तुमची शिडी कुठाय?”

“कशाला?”

“द्या की.”

माझ्या माणसांनी बांबूची लांब शिडी आणून दिली. आक्काने ती पहिल्या पायरीपाशी खडीवर आडवी टाकायला लावली. मग खाली बसली, चपला काढून बाजूला ठेवल्या आणि शिडीवर उताणी झोपली. पाय जुळवले, पदर हनुवटीपर्यंत ओढून घेतला.

“उचला,” ती म्हणाली.

यार्डात इतका वेळ चाललेला गोंगाट जवळून लांबपर्यंत बंद होत गेला. गुंडूने स्टोव्ह बंद केला.

“आये, ऊठ!” गर्दीतून म्हादू ओरडत आला. “येडी झाली का? ऊठ आदी!”

“उचला म्हनते नव्हं? पुलावनं न्या मला.”

“आक्का, आसलं अभद्र करू नये वं,” चाळीतली एक बाई रडायलाच लागली. पुरुष तर दोन पावलं मागेच सरले. जितं माणूस असं झोपलेलं कुणाला बघवतंय?

“मेल्याची आवई उठली तर आयुष्य वाढतंय म्हनत्यात,” आक्का आभाळाकडे बघत बोलली. “म्या तर झोपलीच हाय. माजं किती वाढंल बगा. या कुनी तरी.”

कुणी आलं नाही. बेलसरे मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या. त्यांचा चेहरा आधी गोंधळलेला होता, मग मी बघत असतानाच तो पांढरा पडला. त्यांना कळलं होतं. मलाही त्याच क्षणी कळलं. त्यांनी हातातला नकाशा खडीवर ठेवला, वर दगड ठेवला आणि पुढे जाऊन शिडीच्या पुढच्या टोकाशी वाकल्या.

“मॅडम, बाया खांदा देत न्हाईत,” कुणीतरी म्हणालं.

“मला माहीत आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण त्या उचला म्हणताहेत.”

पुढची दुसरी बाजू शालनने धरली. सासूच्या चेहऱ्याकडे न बघता धरली. मागच्या एका दांडीला मी गेलो. चौथी बाजू मोकळी होती. म्हादू दोन्ही हातांनी डोकं धरून उभा होता. मग तो डोळे पुसत आला आणि माझ्या शेजारी वाकला.

आम्ही उचललं. आक्काचं वजन काय सांगावं! पायऱ्या सुरू झाल्या तशी शिडी मागे कलली आणि सगळा भार म्हादूच्या आणि माझ्या खांद्यावर आला. आक्का घसरून माझ्या डोक्याशी आली. तिने शिडीच्या दांड्या घट्ट पकडल्या होत्या. मेलेल्या माणसाला कुठलं पकडता येतंय, हे माझ्या मनात आलं.

कसेबसे टप्प्यावर पोहोचलो. मॅडम आणि शालन वळायला गेल्या आणि शिडीचं टोक कठड्याला आदळलं. मागे घेतलं, तिरपं केलं, पुन्हा आदळलं. उंच धरून फिरवायचं म्हटलं तर मॅडमचे हात पुरेनात. खाली ठेवून खांदे बदलावेत तर ठेवायला जागा नाही. कठड्याचा बांबू करकरला, पण हलला नाही.

“बशीरभाई,” वरून आक्काचा आवाज आला, “कठडा लई मजबूत केलाय तुमी.”

खाली कुणीतरी हसलं आणि लगेच हुंदका आला. हसणारा आणि रडणारा एकच असावा.

मॅडमचा श्वास फुलला होता. “आक्का,” त्या म्हणाल्या, “वळत नाही.”

“व्हय, बाई. त्येच मला बोलाय येत नव्हतं.”

आम्ही तिला खाली आणलं. ती शिडीवरच उठून बसली आणि पदराने तोंड पुसलं. गाव तिच्याभोवती गोळा झालं होतं. या वेळी तिने आवाज चढवला नाही.

“आमच्यात बाया नदीव जात न्हाईत,” ती मॅडमना म्हणाली. “विसाव्यापतुर येत्यात. विसावा म्हंजे वाटंत तिरडी खाली ठिवायची जागा. तितं खांदं बदलत्यात, फुडची मान्सं मागं हुत्यात, मागची फुडं. बायांनी तितं शेवटचं तोंड बगायचं न् माघारी फिरायचं. आमच्या चाळीचा विसावा यार्डात हाय. आमचं मानूस तितनं गेलं. माजी थोरली ल्येक तितनंच गेली. पुलावर कुटं ठिवायची तिरडी? आन् आमी बायांनी कुटं हुबं ऱ्हायचं? लिपटीत?”

यार्डातून जाणाऱ्या तिरड्या मी लहानपणापासून बघत आलो होतो, दुकानातून उठून उभा राहत होतो. पण आमच्यात जनाजा एकदा उचलला की कब्रस्तानापर्यंत खाली ठेवत नाहीत. वाटेत थांबायला जागा लागते, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गावातल्यांचा विसावा वेशीजवळ, त्यामुळे त्यांनीही चाळीचा विचार केला नव्हता. आणि चाळीत तर प्रत्येकाला माहीत होतं.

“मग हे आधी सांगायचं ना, आक्का!” उंबरजे मालक म्हणाले. सूर मात्र सभेतला नव्हता.

“नारळ फोडलेल्या मांडवात तिरडीचं नाव काडायचं? तुमीच म्हनला आसता, बाय अभद्र बोलती.”

“अहो, मग माझ्या घरी येऊन सांगायचं.”

“आल्ते की. तुमच्या घरी लगीन हुतं.”

मालकांनी मान खाली घातली. लग्नाचा मंडप माझाच होता. आक्का त्या दिवशी दाराशी येऊन, अक्षता टाकून, जेवूनही न जाता परत गेली होती, ते मला आठवलं.

मॅडमनी माफी मागितली नाही की भाषण केलं नाही. त्यांनी फक्त विचारलं, “कुठे ते दाखवा.” आक्का उठली आणि चालू लागली. मागे अख्खं गाव. जिथे तिने त्या दिवशी हात जोडले होते तिथे ती थांबली. फक्कीच्या रेघांप्रमाणे ती जागा गाळ्यांच्या मधल्या रांगेत येत होती.

मॅडम पुढे आल्या. मग त्यांनी बुटाने फक्कीची रेघ पुसायला सुरुवात केली. एक रेघ, दुसरी, मग पूर्ण रांग. शालन आली, चाळीतल्या बायका आल्या, सगळ्या पायांनी रेघा पुसू लागल्या. मॅडमनी फक्कीचं घमेलं मागवलं. बसचा रस्ता त्यांनी स्टेशनाच्या बाजूला ओढून नेला. बसने तिकडूनच यायचं, तिकडूनच वळून जायचं. चाळीपासून गावापर्यंत सरळ वाट, जमिनीवरून, एकही पायरी नाही. आणि मधे मोकळा चौक.

“किती मोठा ठेवू?” त्यांनी आक्काला विचारलं.

आक्काने चाळीतल्या बायकांना हाक मारली. त्या दाटीवाटीने तिथे येऊन उभ्या राहिल्या आणि मॅडमनी त्यांच्याभोवती फक्की टाकत एक फेरी मारली. कौठडीचा तो चौक असा मोजला गेला. मी नंतर पुष्कळ इंजिनिअर पाहिले, पण असं माप घेताना कुणाला पाहिलं नाही.

“मॅडम,” उंबरजे मालक हळूच म्हणाले, “ह्यात गाळ्यांची एक रांगच जाते. त्यावर नगरपालिकेची सगळी गणितं आहेत.”

“हो, जाते.” मॅडम सरळ उभ्या राहिल्या. तोंडावर, केसांवर फक्की. “मालक, स्टेशनाजवळ माणसं राहायला यावीत म्हणून हे सगळं करतोय ना आपण? राहायला आली की ती इथूनच जाणारसुद्धा. मी यायची वाट आखली. जायची आखली नव्हती.”

मालकांनी त्या फक्कीच्या गोलाकडे बघितलं. मग खाली वाकले, खडीत पडलेलं दोरीचं टोक उचललं आणि म्हणाले, “कुठवर ताणू?”

आराखडा तसाच गेला. मंजुरीच्या वेळी वरच्या साहेबांनी मधली रांग का गेली म्हणून पुष्कळ विचारलं, तेव्हा मालक गाळ्यांसाठी भांडायचं सोडून चौकासाठी भांडले, असं मॅडमनी मला पुढे फोनवर सांगितलं. मालकांनी स्वतः ते कधी बोलून दाखवलं नाही. मोठ्या माणसांच्या अशा गोष्टी दुसऱ्याकडूनच कळतात.

आज तुम्ही कौठडीला उतरलात तर स्टेशनातून बाहेर पडल्यावर डाव्या हाताला बस लागते, समोर बाजार, वर घरांच्या गॅलऱ्यांत वाळत घातलेले कपडे. मधे चौक. त्याला नावाची पाटी नाही. पाटी नको, असं आक्कानेच सांगितलं होतं. बसची वाट बघणारे तिथे शेंगा खात उभे असतात.

आक्काचं आयुष्य खरोखर वाढलं. चौक झाल्यावरही ती कितीतरी वर्षं गिरणी चालवत होती. गेली ती बाजाराच्या दिवशी, भर दुपारी.

मी खांदा दिला. आम्ही तिला चौकात आणलं तेव्हा बसचे ड्रायव्हर इंजिन बंद करून खाली उतरलेले होते, कुणी सांगितलेलं नव्हतं. तिरडी खाली ठेवली. चाळीतल्या बायका भोवती आल्या. बेलसरे मॅडम पुण्याच्या गाडीने उतरून थेट तिथेच आल्या होत्या. केस पिकायला लागलेले, पायात तसलेच बूट. आक्काचं तोंड बघून त्या बायकांमध्येच उभ्या राहिल्या आणि मोठ्याने रडल्या.

खांदे बदलले. मागचा मी पुढे आलो. तिरडी उचलली.

“बायांनो, विसावा झाला,” चाळीतले एक म्हातारबा म्हणाले. “फिरा आता माघारी.”

कुणी हललं नाही. शालनने पदर खोचला.

“तात्या,” ती म्हणाली, “आत्यांनी येवडा रुंद रस्ता मागून घेतला, त्यो काय निम्म्यातनं माघारी फिराय?”

तात्या वाटेतून बाजूला झाले. आम्ही चालू लागलो. मी पुढच्या दांडीला होतो, मागे वळून बघता येत नव्हतं. पण बांगड्यांचा आणि पावलांचा आवाज नदीपर्यंत आमच्या मागून येत राहिला.